अनवाणी पायांची गोष्ट पुरे झाली : भारतीय फुटबॉल नेमका कुठे अडकला?

सीताबर्डीकर (धागाकर्ता)

वर्ल्ड कपचं वारं सुटलं की व्हॉट्सॲपवर तोच मेसेज पुन्हा येतो. १९५० साली भारत ब्राझीलच्या वर्ल्ड कपला पात्र ठरला होता, पण आपले खेळाडू अनवाणी खेळायचे म्हणून फिफाने मनाई केली आणि तिथून आपला फुटबॉल बसला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा खाली हळहळणाऱ्यांची रांग लागली. मला या गोष्टीची चीड येते. ती खरी नाही हे एक कारण. दुसरं आणि मोठं कारण असं, की ती एकदा ऐकली की माणसाला पुढे काही विचारावंसंच वाटत नाही. म्हणून हा धागा. जरा लांबेल, सवडीने वाचा.

१९५० चं आधी उरकून टाकतो. बर्मा, इंडोनेशिया, फिलिपिन्स यांनी माघार घेतली आणि भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला. गटात इटली, स्वीडन आणि पराग्वे होते. प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायला ब्राझीलचे संयोजक तयार होते. तरी आपल्या अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनने संघ पाठवला नाही. कारणं दिली ती संघनिवडीवरच्या मतभेदाची आणि सरावाला वेळ अपुरा असल्याची. त्या काळात आपल्या पदाधिकाऱ्यांना ऑलिम्पिक हीच खरी स्पर्धा वाटायची, वर्ल्ड कपचं मोल कुणाला फारसं कळलंच नव्हतं. जे कर्णधार म्हणून गेले असते त्या शैलेन मन्नांनीही पुढे बुटांची कथा खोडून काढली. आणि १९५० ला आपला फुटबॉल संपला म्हणावं, तर पुढच्या १२ वर्षांत आशियाई खेळांची दोन सुवर्णपदकं कुठून आली?

आपल्या फुटबॉलची सुरुवात इंग्रजांच्या छावण्यांपासून झाली. १८८८ मध्ये सिमल्याजवळ दगशाईला ड्युरँड कप सुरू झाला, आशियातली ही सर्वात जुनी फुटबॉल स्पर्धा. १८९१ मध्ये मुंबईचा रोव्हर्स कप, १८९३ मध्ये कलकत्त्याची आयएफए शिल्ड. सगळीकडे गोऱ्या पलटणी जिंकायच्या. मग २९ जुलै १९११ ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून शिल्ड घेतली. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. अकरांपैकी बूट घातलेले एकटे सुधीर चॅटर्जी, बाकी सगळे अनवाणी. पायांना मान द्यायचाच असेल तर तो इथे द्यावा. १९३४ पासून सलग ५ वर्षं मोहमेडन स्पोर्टिंगने कलकत्ता लीग जिंकली, १९४० मध्ये ड्युरँड जिंकणारा पहिला भारतीय संघही तोच. फेडरेशन १९३७ मध्ये स्थापन झालं.

आता मुख्य गोष्ट, सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे, पेशाने शिक्षक. १९५० पासून मृत्यूपर्यंत ते भारताचे प्रशिक्षक होते आणि हैदराबाद सिटी पोलिसांचा संघही त्यांच्याच हाताखाली होता. त्या पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग ५ वेळा रोव्हर्स कप हैदराबादला नेला. पोरांचे दोन्ही पाय चालावेत म्हणून रहीमसाहेब फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा भरवत. १९५१ मध्ये दिल्लीत इराणला १-० ने हरवून आशियाई सुवर्ण, गोल मेवालालचा. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियावर ४-२, त्यात नेव्हिल डिसोझाची हॅटट्रिक, ऑलिम्पिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची पहिली. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही आपलाच होता. सामना १-४ ने गेला आणि शेवटी आपण चौथे आलो.

पण १९६२ चं जकार्ता मला सगळ्यांत मोठं वाटतं. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने ०-२ ने हरवलं. पुढच्या थायलंडच्या सामन्यात बचावपटू जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. तशा खेळाडूला कुणीही घरी बसवलं असतं. रहीमसाहेबांनी बाद फेरीत त्याला बचावातून काढून थेट सेंटर फॉरवर्डला उभं केलं, आणि पठ्ठ्याने उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केले. बाहेर वातावरण तापलेलं होतं. यजमानांनी इस्रायल आणि तैवानला खेळांपासून दूर ठेवलं होतं, त्यावर भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरु दत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती, त्यामुळे भारताचं नाव निघालं की अख्खं स्टेडियम हुर्यो करायचं. अशा गर्दीसमोर, ज्या कोरियाने आधी हरवलं त्याच कोरियाला अंतिम सामन्यात २-१. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, एक जर्नेलचा. कर्णधार चुनी गोस्वामी. रहीमसाहेबांना तेव्हा कॅन्सर होता. ११ जून १९६३ ला ते गेले. त्यानंतर आजतागायत आशियाई खेळांचं सुवर्ण नाही, आणि १९६० च्या रोमनंतर ऑलिम्पिकही नाही.

रहीमसाहेब गेले म्हणून सगळं संपलं, असं बरेच जण मानतात. मला ते पुरेसं वाटत नाही. ही माणसं जगत कशावर होती ते पाहा. पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेत. ते मोहन बागान किंवा ईस्ट बंगालकडून कधी खेळलेच नाहीत, आणि १९५८ मध्ये त्यांच्या रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. हैदराबादचे खेळाडू पोलिसात, मुंबईतले टाटा, कॅलटेक्स, मफतलालमध्ये, बाकी लष्कर आणि बँकांत. आपला सुवर्णकाळ नोकरीच्या हमीवर उभा होता. सकाळी सराव, मग हजेरी, महिन्याला पगार, म्हातारपणी पेन्शन. ही व्यवस्था चांगली होती. पण ती तयार खेळाडूला नोकरी द्यायची. दहा वर्षांचं पोर घेऊन त्याला खेळाडू करणं हे कुणाच्या कामात बसत नव्हतं. आणि वर्षभराचं वेळापत्रक म्हणजे एकामागून एक कप. हरला की बिस्तरा गुंडाळून गाडीत. पूर्ण देशाची लीग सुरू व्हायला १९९६ उजाडलं.

जपानकडे बघा. १९६२ च्या त्याच जकार्तात आपण जपानला २-० ने हरवलं होतं. १९७० ला बँकॉकमध्ये १-० ने हरवून ब्राँझ घेतलं. त्यांचेही संघ कंपन्यांचेच होते, मित्सुबिशी, निस्सान, फुरुकावा. १९६५ मध्ये त्यांनी या संघांची देशभराची लीग केली. १९९३ मध्ये जे-लीग आली तेव्हा क्लबांना अट घातली की कंपनीचं नाव मागे ठेवा, गावाचं नाव लावा, आणि वयोगटांचे संघ पोसा. मित्सुबिशीचे उरावा रेड्स झाले, निस्सानचे योकोहामा मारिनोस. १९९८ पासून जपान एकाही वर्ल्ड कपला चुकलेला नाही. आपल्याकडे राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता फगवाड्याचा जेसीटी, कापडगिरणीचा संघ. २०११ मध्ये गिरणीवाल्यांनी संघच मोडला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईचा महिंद्रा युनायटेड गेला, जो २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता होता. त्यांचे कंपनीचे संघ गावाचे झाले आणि आपले विसर्जित झाले. माझ्या मते आपला फुटबॉल इथे अडकला.

आता नागपूरकरांनो, तुम्ही बोला. कामठी, मोमिनपुरा, गड्डीगोदाम, रेल्वे कॉलनी, इथे काय काय पाहिलंत ते लिहा.


पोट्टा_नं_७

भाऊ, धागा एक नंबर. पण बुटाचं मले अजून समजलं नाई. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकले तर आपले अनवाणी खेळले होते ना? मग तिथं चालले अन् ब्राझीलमधी काहून चालले नसते?


सीताबर्डीकर

तोच तर मुद्दा आहे. ३१ जुलै १९४८, इलफर्डचं मैदान, समोर फ्रान्स. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी किंवा पायाला पट्ट्या बांधून उतरले होते, कर्णधार नागा टेकड्यांमधले डॉक्टर टी. आओ. दोन पेनल्टी आपण घालवल्या, सारंगपाणी रामनने बरोबरी साधली आणि शेवटी शेवटी गोल खाऊन १-२ ने हरलो. स्वतंत्र देश म्हणून पहिलाच ऑलिम्पिक सामना होता तो.

बुटांची सक्ती झाली ती १९५२ नंतर. हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ ने धुतलं, तेव्हा फेडरेशनला जाग आली.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. सत्तरच्या दशकापर्यंत आपल्याकडचे सामने सहसा ७० मिनिटांचे असायचे, बाहेर ९० मिनिटांचे. शेवटच्या २० मिनिटांत पाय जड होणार नाहीत तर काय? इलफर्डला गोल कधी खाल्ला ते वर लिहिलंच आहे. बुटांपेक्षा या २० मिनिटांनी आपलं जास्त नुकसान केलं असं मी म्हणेन.


मोतीबागचे काका

नमस्कार. मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. पण नोकरीचा मुद्दा वाचून राहवलं नाही.

माझे वडील मोतीबागच्या वर्कशॉपात होते. बंगाल नागपूर रेल्वे, म्हणजे बीएनआर, ही कंपनी १८८७ ची, मुख्यालय कलकत्त्याला गार्डन रीचला. पुढे सरकारीकरण झालं, साऊथ ईस्टर्न रेल्वे हे नाव आलं, पण कलकत्त्याच्या मैदानावर संघ बीएनआर म्हणूनच ओळखला जाई. आमच्या शहराचं नाव त्या संघात होतं म्हणून वडिलांना त्याचा केवढा अभिमान! संघात नागपूरचं कुणी आहे की नाही हे त्यांनी कधी पाहिलं नाही.

आणि संघ काय ऐरागैरा नव्हता. अरुण घोष, जकार्ताच्या सुवर्णसंघाचा बचावपटू, बीएनआरचा. तुळसीदास बलराम ईस्ट बंगाल सोडून १९६३ मध्ये बीएनआरमध्येच आले. चुनी, पी. के. आणि बलराम ही त्या काळची त्रिमूर्ती, त्यातला एक आपल्या रेल्वेचा. छातीच्या दुखण्याने त्यांना फार लवकर खेळ सोडावा लागला. २०२३ मध्ये ते वारले तेव्हा मराठी पेपरात चार ओळी शोधाव्या लागल्या, याचं वाईट वाटलं.

क्वार्टर्समध्ये संध्याकाळी ट्रान्झिस्टरभोवती गराडा पडायचा. कॉमेंट्री बंगालीत. तेलुगू, छत्तीसगढी, मराठी अशी सगळी माणसं, बंगाली येणारा एक घोषबाबू. तो ऐकायचा आणि हिंदीत सांगायचा. गोल झाला की तो आधी स्वतः ओरडायचा आणि कुणी केला ते सांगायचंच विसरायचा. मग सगळे त्याच्या अंगावर धावून जायचे.

रेल्वेची खेळाडू भरती पुढेही राहिली, पण फुटबॉलचा वाटा कमी होत गेला. सीताबर्डीकर, तुमचं निदान मला पटतं.


करवीरकर

धागा आवडला, पण निदान पटलं नाही. कोल्हापूरला या म्हणजे सांगतो.

आमच्याकडे कधीच कंपनी नव्हती. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. ज्या तालमीत कुस्ती, त्याच तालमीचा फुटबॉल संघ. पेठेतलं पोर पेठेकडूनच खेळणार. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची गाठ पडली की दुपारपासून जागा धरावी लागते. तिकीट काढून लोक येतात. नोकरीची हमी नसताना हे सगळं टिकलंय. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमचाच. तेव्हा कंपन्या गेल्या म्हणून फुटबॉल गेला हे मला मान्य नाही. जिथे गावाने खेळ आपला मानला तिथे तो राहिला.


सीताबर्डीकर

करवीरकर, तुमचं म्हणणं माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, बळच देतं असं मला वाटतं. मी कंपनी हवी असं म्हणत नाही. जपानने जे १९९३ मध्ये नियम करून केलं, गावाला संघ जोडला, ते कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळापासूनच्या तालीम परंपरेमुळे आपसूक झालेलं आहे. पण अनिकेतला पुढे जायला कोल्हापूर सोडावंच लागलं ना? पेठेचा संघ पोराला मैदान देतो, प्रेक्षक देतो, पोटापाण्याचं काय? ज्या शहरात प्रेक्षक आहेत तिथून वरच्या लीगपर्यंत पायऱ्याच नाहीत. पुण्यात कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम खेळून बंद झाला, पुणे एफसीही २०१५ मध्ये गेला. महाराष्ट्रात प्रेम एकीकडे आणि पैसा दुसरीकडे, अशी फारकत आहे.


करवीरकर

पायऱ्या नाहीत हे शंभर टक्के मान्य. पेठेच्या ईर्षेपायी चांगली पोरं तिथेच अडकतात, हेही मी डोळ्यांनी पाहतो.


कामठीचा_राइटबॅक

राम राम मंडळी. कामठीचं नाव निघालं अन् मी गप बसू, असं कसं होईन?

कामठीची छावणी १८२१ ची. पलटणी आल्या, त्याईच्या संगं बॉल आला. आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर इथंच हाये. पण छावणीच्या तारेबाहेर जो फुटबॉल वाढला तो मोहल्ल्याईचा. रब्बानी क्लबचं नाव नागपुरात कोणाले माहीत नाई? नागपूरच्या यंग मुस्लिमसंगं गाठ पडली की कामठीतून माणसं टेम्पो भरून जातात.

मी स्वतः बारा वर्षाचा असतानापासून खेळलो. मैदान तयार करणं हे बी शिकायचं काम होतं. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी टँकर बोलवून पाणी माराचं, कारण उन्हाळ्यात आमच्याकडली माती दगडासारखी व्हते. सकाळी सुतळी ताणून फक्कीनं रेषा माराच्या. डी आखाले उस्तादजी खुंटी ठोकून सुतळीनं गोल फिरवत. गोलपोस्टच्या जाळीले भोक पडलं तर मासोळी धरणारे ज्या सुतळीनं जाळं विणतात तीच आणून शिवाची. अन् बॉल! शिवणीतून ब्लॅडर बाहेर डोकावलं की मोच्याकडं नेऊन टाका मारून आणाचा, त्याच बॉलनं अख्खा महिना काढाचा.

४५ डिग्रीत सराव दुपारी होऊच शकत नाई, म्हणून पहाटे पाच वाजता. उस्तादजी कोणाकडून एक पैसा घेत नसत. पंचवीसेक वर्षं त्याईनं पोट्टे घडवले. त्याईच्या हाताखालचे किती तरी पोट्टे रेल्वेत, पोलिसात, फौजेत लागले. म्हणून काकांचं अन् धागाकर्त्याचं म्हणणं मले पटते. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे घरात एक सरकारी पगार येण्याचा रस्ता होता. तो रस्ता अरुंद झाला तसे मायबाप पोट्ट्याले म्हणाले, पुरे झालं, दुकानावर बस. यात खेळाची आवड कमी झाली असं नाई. मैदानावर आजही रात्रीच्या सामन्याले पाय ठेवाले जागा नसते.


मेघना_धरमपेठ

सगळे पुरुषांबद्दलच लिहीत आहेत म्हणून मी लिहिते.

१९७५ मध्ये महिलांसाठी वेगळं फेडरेशन झालं, कारण मुख्य फेडरेशनला त्यात रस नव्हता. तरी त्या काळात भारतीय महिला आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेत्या ठरल्या. पहिल्यांदा १९८० च्या सुरुवातीला कालिकतला, दुसऱ्यांदा १९८३ मध्ये बँकॉकला. शांती मलिकला अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळवणारी ती पहिली महिला फुटबॉलपटू. नव्वदच्या दशकात मुख्य फेडरेशनने कारभार आपल्याकडे घेतला, आणि महिलांची राष्ट्रीय लीग यायला २०१६-१७ पर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळात मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवीसारख्या खेळाडूंनी केवळ जिद्दीवर खेळ जिवंत ठेवला. तिला २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि आता पाहा. ५ जुलै २०२५ ला चियांग माईमध्ये आपल्या मुलींनी थायलंडला थायलंडच्याच मैदानावर २-१ ने हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि २०२६ च्या आशियाई कपात धडक मारली. पात्रता फेरी खेळून पात्र होण्याची ही पहिलीच वेळ. माझी मुलगी शाळेच्या संघात आहे. तो सामना आम्ही दोघींनी मोबाईलवर पाहिला. दुसऱ्या गोलनंतर ती उठून घरातच धावायला लागली.

पण तिच्या शाळेत मुलींच्या सरावाला अजून मैदानाचा कोपरा मिळतो. मुलांचं आटोपलं की मग मुली. अंधार पडतो, आया गेटवर येऊन उभ्या राहतात आणि सराव अर्ध्यावर संपतो. वेळेची अदलाबदल करा म्हणून आम्ही काही आयांनी लेखी दिलं आहे. पाठपुरावा सोडणार नाही.


क्रीडाप्रेमी_सदर

सगळ्यांनी इतकं लिहिलं पण मूळ कारण कुणी लिहिलं नाही. १९८३. लॉर्ड्सवर कपिलने कप उचलला, टीव्ही घरोघरी आला आणि फुटबॉल संपला. बस.


सीताबर्डीकर

नाही पटत. क्रिकेट वाढलं हे खरं, पण आपला फुटबॉल १९८३ च्या फार आधी घसरला होता. आशियाई खेळांचं शेवटचं पदक १९७० चं. १९७४ मध्ये आपली युवा टीम इराणसोबत संयुक्त आशियाई विजेती ठरली, शब्बीर अलीच्या नेतृत्वाखाली. त्या पोरांना धरून पुढची बांधणी झाली असती तर? झाली नाही. १९७७ मध्ये पेले ईडन गार्डनवर न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबकडून मोहन बागानविरुद्ध खेळला, २-२ बरोबरी झाली. म्हणजे प्रेक्षक होते, उत्साह होता. जपान, कोरिया, इराण पुढे गेले ते सत्तरच्या दशकात. कोरियाने १९८३ मध्ये व्यावसायिक लीग सुरू केली, नेमकं तेच साल. क्रिकेटला दोष दिला की आपल्या फुटबॉलवाल्यांना हिशेब द्यावा लागत नाही, आणि तो मागितला पाहिजे.


पोट्टा_नं_७

मग आयएसएलनं, म्हणजे इंडियन सुपर लीगनं, काय केलं? आमच्या पिढीले तर तेवढंच माहीत हाये. २०१४ पासून स्टेडियम भरून राहिले, टीव्हीवर चकाचक दिसते, विदेशी खेळाडू येऊन राहिले. चांगलंच झालं ना?


सीताबर्डीकर

चांगलं झालंच. मैदानं सुधारली, वैद्यकीय सोयी सुधारल्या, खेळाडूंना बरे पैसे मिळाले. मार्च २०१५ मध्ये फिफा क्रमवारीत आपण १७३ वर होतो, तिथून पुढे पहिल्या शंभरात येऊन गेलो. सुनील छेत्रीसारखा खेळाडू घराघरात पोचला. २०१७ मध्ये १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, १३ लाखांहून जास्त लोकांनी तो मैदानात बसून पाहिला, आणि जीकसन सिंगने कोलंबियाविरुद्ध भारताचा पहिला गोल केला.

पण पाया पुन्हा एकाच खांबावर. २०१० मध्ये फेडरेशनने एका कंपनीशी १५ वर्षांचा ७०० कोटींचा करार केला. तो संपत आला, नूतनीकरण रखडलं आणि जुलै २०२५ मध्ये पुढचा हंगामच स्थगित झाला. शेकडो खेळाडूंना सामने कधी ते माहीत नव्हतं, पगार कधी ते माहीत नव्हतं. मधल्या काळात २०१६ मध्ये गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो हे जुने क्लब आय-लीगमधून (राष्ट्रीय लीगचं पुढचं नाव) बाहेर पडले, कारण वरच्या लीगचं, म्हणजे आयएसएलचं, दार त्यांना बंद होतं. आयझॉलने २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दाखवली, एका छोट्या राज्याचा गावातला संघ, आणि त्यालाही वर जाता आलं नाही. बढतीची सोय झाली ती कितीतरी उशिरा. खालच्याला वर यायला जागाच नसेल तर खाली खेळायचं कशासाठी?


मोतीबागचे काका

आयझॉलच्या त्या विजयाचा मला फार आनंद झाला होता. मिझोराममध्ये आधी गावोगावची स्पर्धा, मग राज्याची लीग, मग राष्ट्रीय. पोटापुरतं का होईना पायरीवर पायरी आहे. नागपूरच्या पोराला अशी पायरी कुठे आहे? क्रिकेटमध्ये विदर्भाचा स्वतंत्र संघ आहे, तीनदा रणजी जिंकला. फुटबॉलमध्ये संतोष ट्रॉफीला संघ महाराष्ट्राचा एकच. इथल्या पोराने निवड चाचणीसाठी रात्रभर प्रवास करून जायचं, वीस मिनिटं खेळायचं आणि परत यायचं.


गोलकीपर_ग्लोव्हज

मी वस्तीतल्या मुलांना शिकवतो, म्हणून या बाजूने लिहितो.

पायरी नाही म्हणता, पण नागपूरने जगाला एक पायरी दिली आहे हे विसरू नका. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात पोरं तुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं. इथला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओच्या होमलेस वर्ल्ड कपला भारताचा कर्णधार होता. २०१६ मध्ये फिफाचा पहिलावहिला डायव्हर्सिटी पुरस्कार या संस्थेला मिळाला. त्यांच्यावर सिनेमाही आला, तो सगळ्यांनी पाहिला. पण संस्थेचं काम काय हे फार थोड्यांनी पाहिलं. ते काम चॅम्पियन घडवण्याचं नाही. पोराला दारू, मारामारी, उनाडकी यांतून काढून मैदानावर आणायचं आणि त्याला माणूस म्हणून उभं करायचं. फुटबॉल त्यासाठी पुरेसा आहे.

मला अडचण येते ती पुढच्या टप्प्यावर. बारा-तेरा वर्षांचं एखादं पोर खरंच वेगळं निघतं. पहिला स्पर्श मऊ, मान वर, बॉल येण्याआधी आजूबाजूला बघतं. त्याला वर्षभर खेळायला सामने कुठे आहेत? शाळेकडून सुब्रतो कपची जिल्ह्याची फेरी, हरला की वर्ष संपलं. धागाकर्त्याने वर लिहिलं तेच, एक कप आणि बिस्तरा गुंडाळा. त्या वयाच्या पोराला वर्षाला तीस-चाळीस सामने लागतात, मग ते जिंको की हरो. ते मिळाले नाहीत तर त्याचे पाय सोळाव्या वर्षी सुधारता येत नाहीत.

मैदानाचंही तसंच. आम्ही ज्या मैदानावर शिकवतो तिथे दिवाळीआधी प्रदर्शन लागतं. मंडप गेल्यावर खिळे, काचा, खड्डे राहतात. पोरं आधी ते वेचतात, मग खेळतात.


कामठीचा_राइटबॅक

हाव, सामनेच पाह्यजे. आमच्याकडं मोठ्या पोट्ट्याईच्या टुर्नामेंट बारा महिने हाये. तेरा वर्षाच्या आतल्यायची एक बी नाई.


मेघना_धरमपेठ

मुलींची तर कुठल्याच वयाची नाही.


सीताबर्डीकर

मग आपण इथल्या इथे सुरू करू. मोठी लीग नको, सहा-आठ संघ पुरेत. तेरा वर्षांखालचे, अर्धा संघ मुलींचा असेल तर उत्तम. बाद फेरी नाही, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, दोन-दोनदा. दर रविवारी सकाळी. नऊ-नऊ जण, अर्ध्या मैदानावर, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल लागेल. काका, तुमच्या रेल्वे कॉलनीचं मैदान हिवाळ्यात मिळेल का विचाराल? राइटबॅकभाऊ, कामठीचे दोन संघ तुमच्याकडे. ग्लोव्हज, वस्तीचे दोन तुमचे. मेघनाताई, शाळेच्या मुलींचा संघ स्वतंत्र उतरवायचा की मिश्र, ते तुम्ही ठरवा.


मेघना_धरमपेठ

स्वतंत्र उतरवू. मुलांविरुद्ध खेळतील, आधी हरतील, पण सामने तर मिळतील.


मोतीबागचे काका

मैदानाचं उद्या ऑफिसात जाऊन विचारतो. अर्ज दोन प्रतींत लागेल, मजकूर कुणीतरी टाइप करून द्या.


कामठीचा_राइटबॅक

कामठीचे दोन नाई, तीन घ्या. उस्तादजींच्या नातवानं आताच फोनवर हो म्हटलं. फक्की अन् सुतळी आमच्याकडून.


गोलकीपर_ग्लोव्हज

चार नंबरचा बॉल लागेल, पाच नंबरचा लहान पोरांना जड जातो. माझ्याकडे चांगल्या स्थितीतले चार आहेत. पंचांचं मात्र आधी ठरवा. पालकांपैकी कुणी नको, त्यावरून पहिल्याच रविवारी भांडण होईल. संघटनेकडे दोन नवीन पंच आहेत, त्यांनाही सरावाचे सामने हवेच आहेत. त्यांच्याशी मी बोलतो.